लोणावळ्याचा कठडा, अलिबागचा बोल्ट

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भिंतींना ओल येते, चामड्याच्या चपलांवर बुरशी चढते, फाटकाच्या लोखंडी बिजागऱ्या एका मोसमात तांबारतात. गच्चीवरचा स्टेनलेस स्टीलचा कठडा मात्र पुसला की पुन्हा चकाकतो. तसाच कठडा, त्याच जातीच्या पाइपांचा, अलिबाग किंवा मुरूडच्या किनाऱ्यावरच्या घराला बसवला, तर वर्ष-दोन वर्षांत त्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी डाग दिसू लागतात. लोणावळा ते अलिबाग हवाई अंतर पन्नास-साठ किलोमीटर, आणि अलिबागचा पाऊस लोणावळ्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे ओल हे काही खरं कारण नव्हे. ओल हेच कारण असतं, तर लोणावळ्यातलं सगळं स्टील आधी गेलं असतं.

किनाऱ्यावर याहून अवघड कोडंही पडतं. समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या पंपासाठी किंवा जेटीच्या जोडणीसाठी कोणी उत्तम प्रतीचं महाग स्टेनलेस निवडतं आणि बोल्ट बाजारात मिळतील ते साध्या स्टेनलेसचे घालतं. दोन्ही स्टेनलेस, दोन्ही न गंजणारी, तेव्हा बिघडणार काय, असा विचार असतो. प्रत्यक्षात महाग पत्रा तसाच राहतो आणि बोल्ट मानेपाशी कुरतडला जातो. अशा वेळी ‘दोन वेगळे धातू जोडले की असं होणारच’ हे उत्तर हमखास मिळतं. ते अर्धंच बरोबर आहे. दोन स्टेनलेस स्टील वेगळी असतात म्हणून सहसा काही घडत नाही. त्यांतल्या एकाचं कवच फुटलं, तरच दुसरं त्याचा घात करतं. हा फरक ध्यानात आला नाही तर पैसे चुकीच्या जागी खर्च होतात.

सह्याद्रीच्या माथ्यावर हा विषय परका नाही. नौदलाची आयएनएस शिवाजी ही सागरी अभियांत्रिकीची प्रशिक्षण संस्था १५ फेब्रुवारी १९४५ पासून लोणावळ्यात आहे. जहाजाची इंजिनं, पंप, नळ आणि झडपा सांभाळणारे तंत्रज्ञ समुद्रापासून सहाशे मीटर उंचीवर, गोड्या पाण्याच्या तलावांच्या सान्निध्यात शिकतात. त्यांना पुढे झुंजायचं असतं ते खाऱ्या पाण्याशी.

धातूवरची साय

स्टेनलेस स्टील हे मुळात लोखंडच. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की एक महत्त्वाची गोष्ट घडते. हवेतला किंवा पाण्यातला ऑक्सिजन क्रोमियमशी संयोग पावतो आणि धातूच्या पृष्ठभागावर अतिशय पातळ, घट्ट थर बसतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी. तो पारदर्शक असल्यामुळे आपल्याला दिसतो तो खालचा चकचकीत धातू. साध्या लोखंडावरही ऑक्सिजनच्या संयोगाने थर बसतोच, पण तो भुसभुशीत असतो. त्यातून पाणी आत शिरतं, पापुद्रे सुटतात आणि खाली नवा गंज धरतो. क्रोमियमचा थर पाणी आत घेत नाही.

याला दुधावरची साय म्हणता येईल. कोमट दुधावरची साय चमच्याने फाडली तर थोड्या वेळाने पुन्हा धरते, तसा हा थर ओरखडा पडला तरी क्षणार्धात सांधला जातो. घासणीने रोज घासूनही ताट गंजत नाही ते यामुळे. मात्र साय सांधली जायला ऑक्सिजन लागतो. तो जिथे पोचत नाही तिथे फाटलेली साय फाटलेलीच राहते. या लेखातलं पुढचं सगळं या एका अटीवर उभं आहे.

मीठ काय करतं

स्वयंपाकघरातली दोन जुनी शहाणपणं इथे आठवतात. लोणचं चिनी मातीच्या बरणीत भरायचं, स्टीलच्या डब्यात नाही. आणि स्टीलच्या पातेल्यात मीठ घालायचं तर पाण्याला उकळी आल्यावर, ढवळून. थंड पाण्यात खडेमीठ टाकून पातेलं तसंच ठेवलं तर तळाशी बारीक टोचे पडतात आणि ते कितीही घासलं तरी जात नाहीत. मिठाचा खडा जिथे बसतो तिथे त्याच्याभोवती तीव्र खारं पाणी साचतं, आणि त्यातला क्लोराइड हा घटक सायीतल्या कमकुवत जागा हेरून तिथेच घुसतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी १९ ग्रॅमच्या आसपास एकटं क्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे; म्हणजे समुद्रात तिच्या पंचाहत्तर पट. लोणावळ्याच्या पावसात ते नाममात्र. उलट तिथला मुसळधार पाऊस कठडा धुऊनच काढतो. किनाऱ्यावरही हे पाहता येतं. छपराबाहेरचा, पावसात धुतला जाणारा पाइप बरा राहतो आणि पागोळीच्या आतला, कधीच न धुतला जाणारा, आधी डागाळतो. खारट वाऱ्याने आणलेलं मीठ तिथे वर्षानुवर्षं साठत राहतं.

क्लोराइडने साय एका बिंदूवर फोडली तरी ती पुन्हा धरू शकते, ऑक्सिजन हजर असेल तर. म्हणून खरा धोका उघड्या पृष्ठभागाला नसून फटीला आहे: वॉशरखाली, बोल्टच्या डोक्याखाली, गॅस्केटच्या कडेला, धातूला चिकटलेल्या कालवांच्या बुडाशी. तिथलं पाणी अडकलेलं असतं. त्यातला थोडा ऑक्सिजन संपला की नवा येत नाही. मग फटीत धातू विरघळू लागतो. विरघळलेले क्रोमियम आणि लोखंडाचे कण पाण्याशी संयोग पावून आम्ल तयार करतात. आणि विद्युतभाराचा तोल राखण्यासाठी बाहेरचं क्लोराइड आणखी आत ओढलं जातं. बाहेरचा समुद्र किंचित अल्कधर्मी असतो, आतली फट लिंबाच्या रसाइतकी आंबट होऊ शकते, वर खारट. लोणचंच मुरतं म्हणा ना! एकदा हे चक्र सुरू झालं की ते स्वतःच स्वतःला पोसतं.

कमावता एक, खाणारे दहा

धातू विरघळताना इलेक्ट्रॉन मागे सोडतो. ते साठून राहू शकत नाहीत. कुणीतरी ते घ्यावे लागतात. घेणारा असतो पाण्यातला ऑक्सिजन, आणि तो हे काम धातूच्या उघड्या, शाबूत पृष्ठभागावर करतो. म्हणजे गंजण्याच्या प्रत्येक घटनेत दोन जागा असतात: इलेक्ट्रॉन देणारी, जी झिजते, आणि घेणारी, जी सुखरूप राहते. शाळेच्या पुस्तकात त्यांना धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतात. इलेक्ट्रॉन धातूतून वाहतात, आणि पाण्यातले भारित कण ते वर्तुळ पूर्ण करतात. दोन्ही बाजूंचा हिशेब जुळावाच लागतो. घेणारी जागा जितके मागेल तितके देणाऱ्या जागेने द्यायचे.

एका कमावत्या माणसावर दहा खाणारी तोंडं असलेलं घर डोळ्यांपुढे आणा. शंभर चौरस सेंटिमीटरच्या पत्र्यावर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मागतो आहे आणि देणारी जागा आहे बोल्टखालची एक चौरस सेंटिमीटर फट. सगळी मागणी त्या एका चौरस सेंटिमीटरने पुरवायची, म्हणून तिथली झीज शंभर पटीने एकवटते. उलट, मोठा पत्रा देणारा आणि छोटा बोल्ट घेणारा असेल तर मागणी थोडी आणि ती मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. झीज जाणवतही नाही. कोण कोणाला जोडलं आहे याच्याइतकंच कोण किती मोठं आहे हेही महत्त्वाचं, ते यामुळे.

नौदलांनी हा धडा फार पूर्वी, महागात पडून शिकला. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या ब्रिटिश युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले गेले. दोन वर्षांनी तपासणी झाली तेव्हा कितीतरी ठिकाणी पत्रे सुटले होते, कारण खिळे कुजले होते. मात्र जिथे पत्र्याखालचा तपकिरी कागद खिळ्याभोवती टिकून राहिला होता, तिथले खिळे शाबूत होते. छोटा लोखंडी खिळा कमावता, मोठा तांब्याचा पत्रा खाणारा, आणि कागद ही दोघांमधली भिंत. पुढे १८२४ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी हाच न्याय उलटा वापरला. तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे मुद्दाम जोडले की तेच झिजतात आणि तांबं वाचतं, हे त्यांनी दाखवलं. आजही जहाजांच्या तळाला जस्ताच्या वड्या बसवतात त्या याच कारणाने.

मोठ्याने छोट्याला झिजवणं गोड्या पाण्यात इतकं जाणवत नाही, कारण पाणीही वाहक लागतं. समुद्राच्या पाण्याची वीजवाहकता पावसाच्या पाण्याच्या हजार पटीहून अधिक. पावसाच्या थेंबात बोल्टच्या फटीला अगदी जवळचा पत्राच ‘खाऊ’ शकतो. समुद्रात बराच दूरचा पत्राही पंगतीला येऊन बसतो. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघरात १९१५ पासून टर्बाइन फिरवत आलं आहे. जलविद्युत टर्बाइनच्या चाकांसाठी जगभर १३ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेलचं स्टेनलेस सर्रास वापरतात आणि गोड्या पाण्यात ते उत्तम टिकतं. तेच चाक समुद्राच्या साचलेल्या पाण्यात ठेवलं तर त्यावर खड्डे पडतील.

चौकट: स्टेनलेसच्या जाती

खड्डे पडण्याला कोणतं स्टील किती दाद देत नाही, याचा ढोबळ अंदाज एका अंकाने करतात. क्रोमियमची टक्केवारी, अधिक मॉलिब्डेनमची ३.३ पट, अधिक नायट्रोजनची १६ पट. भांड्यांचं आणि कठड्यांचं ३०४ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल): १९ च्या आसपास. मॉलिब्डेनम घातलेलं ३१६: २४-२५. ड्युप्लेक्स २२०५: ३५. सुपर ड्युप्लेक्स २५०७: ४० च्या वर. समुद्राच्या पाण्यात कायम बुडालेल्या कामासाठी तेल-वायू उद्योग ४० हा उंबरठा मानतो. बाजारात ‘चुंबक चिकटला तर स्टील हलकं’ अशी परीक्षा चालते, ती इथे दगा देते. ड्युप्लेक्सला चुंबक चिकटतो आणि तरी ते ३०४ हून कितीतरी सरस आहे. आणि निकेल वाचवून मँगनीज वाढवलेल्या स्वस्त स्टीलला चुंबक चिकटत नाही, पण खाऱ्या हवेत ते लवकर हार मानतं.

लोहगड आणि विसापूर

आता मूळ कोड्याकडे. मावळात लोहगड आणि विसापूर हे किल्ले शेजारी शेजारी आहेत आणि विसापूर थोडा उंच आहे. दोन्ही आपले असेपर्यंत ही उंची लोहगडाला आधारच होती. मार्च १८१८ मध्ये इंग्रजांनी आधी विसापूर घेतला. तिथल्या उंचीवरून तोफा लागू शकतात हे दिसताच लोहगड लढण्याजोगा राहिला नाही आणि तोही सोडावा लागला. शेजारच्या उंचीचा अर्थ परिस्थिती पालटली की कसा पालटतो, एवढ्यापुरताच हा दाखला घ्यावा.

३१६ चा बोल्ट सुपर ड्युप्लेक्सच्या पत्र्यात बसवला आहे आणि दोघांचीही साय शाबूत आहे, असं धरा. समुद्रात दोघांचे विद्युतदाब जवळजवळ सारखे असतात. फरक फार तर काही शतांश व्होल्टांचा. दोघेही शांत, कोणीच कोणाला झिजवत नाही. महिनोन् महिने असं चालू शकतं. मग बोल्टच्या डोक्याखालच्या फटीत ऑक्सिजन संपतो, क्लोराइड जमतं आणि ३१६ ची साय तिथे फाटते. सुपर ड्युप्लेक्सची फाटत नाही. तेवढा मीठमारा ते सोसतं. इथे चित्र पालटतं. साय गेलेलं ३१६ हे आता विजेच्या दृष्टीने निराळाच धातू झालेलं असतं. साय असलेल्या आणि नसलेल्या स्टेनलेसमध्ये समुद्रात तीन ते पाच दशांश व्होल्टांचं अंतर पडतं, लोखंड आणि तांब्यामधल्या अंतराच्या तोडीचं. आणि तो मोठा, निरोगी पत्रा सगळीकडून इलेक्ट्रॉन मागत उभा असतो.

एकट्या बोल्टच्या बाबतीत निसर्ग थोडा लगाम घालतो. फट झिजू लागली की बोल्टचा स्वतःचा उघडा पृष्ठभाग एवढाच खाणारा असतो. मागणी तुटपुंजी, त्यामुळे दाब खाली येतो, अशक्त बॅटरीवर जास्त दिवे लावल्यासारखा. आणि कधीकधी फट थंडावते. मोठा पत्रा जोडलेला असेल तर दाब पडतच नाही. फट तेवत राहते.

यात समुद्राची आणखी एक भर आहे. खऱ्या समुद्रात बुडवलेल्या स्टेनलेसवर काही दिवसांत सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत पापुद्रा चढतो. त्यामुळे ऑक्सिजनचं इलेक्ट्रॉन घेण्याचं काम सोपं होतं आणि धातूचा विद्युतदाब सुमारे ०.३ व्होल्टने वर जाऊ शकतो. म्हणजे साय फुटण्याची शक्यता वाढते आणि फुटल्यावर खाणाऱ्यांची भूकही वाढते. प्रयोगशाळेत नुसतं मीठ विरघळवून केलेल्या पाण्यात हे दिसत नाही. मिठाच्या पाण्यात पास झालेला नमुना समुद्रात नापास होऊ शकतो, तो यामुळे. त्यात कोकणालगतचं पाणी बाराही महिने कोमट, आणि खड्डे पडण्याला ऊब पोषकच असते.

‘पण तक्त्यात तर ते शेजारी आहेत’

यावर एक सार्थ हरकत घेतली जाते. समुद्राच्या पाण्यातल्या धातूंचा क्रम दाखवणारे तक्ते अभियंत्यांकडे असतात. क्रमात दूर असलेले धातू जोडू नयेत, जवळचे चालतात, हा नियम. त्या तक्त्यात ३०४, ३१६ आणि ड्युप्लेक्स अगदी शेजारी बसतात. मग धोका कुठून आला? तक्ता चुकीचा नाही, तो अर्धवट वाचला जातो. चांगल्या तक्त्यात स्टेनलेसची नोंद दोनदा असते: एकदा साय शाबूत असताना, वरच्या टोकाला, आणि एकदा साय गेल्यावर, बरीच खाली. जोडणी करताना आपण दोन्ही स्टील वरच्या नोंदीत आहेत असं गृहीत धरतो. फट त्यांतल्या एकाला गुपचूप खालच्या नोंदीत नेऊन बसवते.

दुसरी हरकत अधिक बोचरी आहे. ३१६ चा बोल्ट ३१६ च्याच पत्र्यात असता तरी समुद्रात फटीशी गंजलाच असता. मग शेजाऱ्याला दोष का? हे मान्य करायलाच हवं, आणि त्यातूनच मुद्दा स्पष्ट होतो. गंज सुरू करण्याचं पाप शेजाऱ्याचं नाही. कमकुवत स्टील, फट आणि क्लोराइड हे तिघे एकत्र आले की सुरुवात होतेच. तरीही शेवट वेगळा होतो. पत्राही ३१६ चा असेल तर त्याच्याही कडांना, सांध्यांना फटी असतात. झीज अनेक जागी विभागली जाते. सुपर ड्युप्लेक्सचा पत्रा मात्र स्वतः कुठेही झिजत नाही, त्याची सगळी मागणी एकट्या बोल्टवर येते. म्हणून पत्र्याची प्रत वाढवून बोल्टची तशीच ठेवणं ही निम्मी सुधारणा ठरत नाही. बोल्टपुरतं पाहिलं तर ते उलट नुकसानच.

मग सगळीकडे एकच प्रत वापरली की प्रश्न मिटला, असंही नाही. सुपर ड्युप्लेक्स महाग, मिळायला आणि वेल्डिंगला कठीण. शिवाय एकच प्रत घेतली तरी सांध्यावर ती एक राहत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेत कार्बन क्रोमियमला पकडून ठेवतो आणि सांध्याशेजारच्या पट्ट्यात सायीसाठी क्रोमियम कमी पडतं. ३१६ ऐवजी ३१६ एल, म्हणजे कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत असलेलं, मागायचं ते याकरता. निळसर-सोनेरी डाग न काढता सोडलेला सांधा हाही मोठ्या पत्र्यातला छोटा, दुबळा भागच झाला. समुद्री कामात वेल्डिंगची सळई पत्र्याहून वरच्या प्रतीची घेतात. सांधा छोटा असल्यामुळे तो ‘घेणारा’ झालेला चालतो, ‘देणारा’ झालेला चालत नाही.

पैसे कुठे घालावेत

यातून निवडीचा क्रम उलगडतो. आधी जोडीतल्या सर्वांत हलक्या स्टीलकडे पाहावं आणि विचारावं, हे एकटं या पाण्यात टिकलं असतं का. उत्तर ‘हो’ असेल तर शेजारी कितीही उंच असला तरी बहुधा बिघडत नाही. उत्तर ‘नाही’ असेल तर तो भाग छोटा आहे की मोठा ते पाहावं. मोठ्या ३१६ च्या पंपपेटीत ड्युप्लेक्सचं फिरतं चाक बसवण्याची रीत शहाणपणाची आहे. छोटं, ताण सोसणारं आणि फटीत राहणारं ते वरच्या प्रतीचं. मोठं आणि उघडं ते एक पायरी खाली चालेल. बोल्ट पत्र्याच्या बरोबरीचा किंवा त्याहून चांगला घ्यावा. किनाऱ्यावरच्या घराचा कठडा पाण्यात बुडालेला नसतो, म्हणून त्याला ३१६ आणि महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याचं धुणं बहुतेक ठिकाणी पुरतं. पण पाइप ३१६ आणि स्क्रू ३०४ ही काटकसर तिथेही करू नये.

प्लॅस्टिकचा वॉशर घालून दोन धातू वेगळे करणं हा ‘अलार्म’च्या कागदाचाच आजचा अवतार. बोल्टच्या दांड्याला नळीचं आवरण आणि दोन्ही बाजूंना वॉशर असतील तरच वीज खरोखर तुटते. नुसता एक वॉशर दोघांना वेगळं करत नाही आणि स्वतःखाली नवी फट मात्र तयार करतो. रंग लावायचा तर घेणाऱ्या, म्हणजे चांगल्या, धातूला आधी लावावा. फक्त बोल्टला रंग दिला आणि त्यावर एक ओरखडा गेला, तर सगळ्या पत्र्याची भूक त्या ओरखड्यावर एकवटते. जस्ताची वडी दोघांनाही वाचवते, पण ड्युप्लेक्स आणि कडक जातीच्या स्टीलवर अति संरक्षणाने हायड्रोजन तयार होऊन धातू ठिसूळ होऊ शकतो. तिथे वडीची निवड जाणकाराने करावी.

आणि तपासणी करताना बोल्टच्या डोक्याकडे पाहून निघून जाऊ नये. उघडं असलेलं डोकं ऑक्सिजनमध्ये न्हात असतं, त्याची साय शाबूत असते. तेही घेणाऱ्यांच्याच पंगतीत बसलेलं असतं, म्हणून ते शेवटपर्यंत चकाकतं. बोल्ट सोडवून बाहेर काढावा आणि पाहावी ती डोक्याखालची मान, वॉशरने झाकलेलं वर्तुळ आणि नटाच्या आतले पहिले दोन-तीन आटे.